निरोप एकच, ऐकणारे वेगळे

[दृश्य : ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी. पुलावरून धावणारी पावलं.]

बदलापूर फास्ट फलाटाला लागली आहे आणि हा गडी अजून पुलावरच. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी एव्हाना त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडलंय, म्हणजे धावपळीचा निरोप पोहोचवणारं संप्रेरक.

हृदय धडधडू लागतं. श्वासनलिका सैलावतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. आतड्यांचं काम मात्र मंदावतं. रेणू तोच, तरी प्रत्येकाचं उत्तर निराळं. स्टेशनवरची अनाउन्समेंट सगळ्यांच्याच कानावर पडते, पण बॅग उचलतो तो त्या गाडीचाच प्रवासी. पेशीचा कान म्हणजे तिच्या आवरणातलं ग्राही प्रथिन. ते कोणत्या प्रकारचं आहे आणि आत त्याला कोणती यंत्रणा जोडलेली आहे, यावर उत्तर ठरतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतल्या अशाच ग्राहींवर जाऊन बसतं. घोडबंदर रोडच्या धुळीत पंप खिशात ठेवून फिरणाऱ्यांना त्याचा गुण सांगायला नको.

[दृश्य : यकृतपेशीचं अ‍ॅनिमेशन.]

अ‍ॅड्रेनलिन यकृताच्या पेशीत शिरतच नाही. ते बाहेरूनच ग्राहीला चिकटतं. ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं, ते एका विकराला (एन्झाइमला) कामाला लावतं आणि सायक्लिक एएमपीचे छोटे रेणू भराभर तयार होऊ लागतात. हा आतला निरोप्या शोधणाऱ्या अर्ल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल मिळालं. पुढच्या पायऱ्यांवर संख्या फुगत जाते. बाहेर मोजके रेणू, रक्तात उतरणारे ग्लुकोजचे रेणू मात्र लाखोंनी.

गाडी मिळाली. आता हे सगळं थांबायला हवं, आणि आम्हाला विचाराल तर खरी करामत इथेच आहे. अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांत मोडीत निघतं, जी-प्रथिन स्वतःच स्वतःला बंद करतं, सायक्लिक एएमपी तोडायला वेगळं विकर हजर असतं.

[दृश्य : खारघर, अ‍ॅक्ट्रेकचा परिसर.]

निरोप थांबेनासा झाला तर? खाडीपलीकडे खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर संशोधन चालतं, तिथे हा प्रश्न रोजचा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होतं. बाहेरून कुणी काही सांगितलेलं नसताना ते ‘वाढा, वाढा’ असा धोशा लावतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं इमॅटिनिब हे औषध त्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याला गप्प करतं. बिघडलेला जनुक मात्र त्या पेशींत तसाच राहतो. म्हणून बहुतेक रुग्णांना ही गोळी वर्षानुवर्षं, रोज घ्यावी लागते.