ठक ठक ठक ठक

(दृश्य : कोकणातलं जांभ्या दगडाचं घर, पडवी. बाहेर धो धो पाऊस. मागच्या पायाने मान खाजवणारं पिल्लू.)

रात्री दोनच्या सुमाराला पडवीतून हा आवाज यायचा. ठक ठक ठक ठक. बसल्या बसल्या पिल्लू खाजवायला लागलं की मागच्या पायाचं ढोपर लादीवर आपटतं, त्याचा हा आवाज.

वाघ्या तेव्हा तीन महिन्यांचा होता. आषाढातल्या पावसात बंद दुकानाच्या पायरीवर सापडलेलं गावठी पिल्लू. चिपळूणला आमच्या घरी येऊन दोन आठवडे झाले होते. खेळता खेळता मध्येच बसायचं आणि खाजवायचं. जेवताना वाटी सोडून शेपटीच्या मुळाशी चावत सुटायचं. भुकेलं पिल्लू जेवण टाकून स्वतःलाच चावतंय, हे बघवत नाही हो.

घरात ज्याने त्याने निदान केलं. आजी म्हणाली, कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ घाल. शेजारचे काका म्हणाले, गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडा, चार दिवसांत लूत जाईल. मुंबईहून मावशीचा फोन : "अगं, ॲलर्जी असणार. आधी चिकन बंद कर."

सगळ्यांना मायाच होती. पण जळक्या ऑइलचं आत्ताच सांगून टाकते : लावू नका. कुत्रं अंग चाटतं, ते सगळं त्याच्या पोटात जातं. रॉकेल आणि फिनेलचंही तेच.

(दृश्य : जवळून. बारीक दातांची फणी, ओला पांढरा कापूस.)

शेवटी वाघ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी औषध लिहायच्या आधी एक फणी काढली, आपण उवांसाठी वापरतो तशी. कंबरेपासून शेपटीपर्यंत दोन-तीनदा फिरवली. दातांत काळी भुकटी आली, मिरी भरडल्यासारखी. मला वाटलं, माती. त्यांनी ती ओल्या कापसावर झटकली आणि म्हणाले, "थांबा जरा."

बघा इथे. एकेका कणाभोवती तांबूस डाग पसरतोय.

"ताई, ही माती नाही. पिसवांची विष्ठा आहे. यात तुमच्या वाघ्याचंच पचलेलं रक्त आहे."

मला तोवर एकही पिसू दिसली नव्हती. आणि दिसल्या असत्या, तरी अंगावरच्या पिसवा म्हणजे सगळ्या पसाऱ्याचा जेमतेम 5 टक्के भाग. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश होऊन घरातच असतात. अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. पिल्लू जिथे अंग झटकेल, जिथे झोपेल, तिथे गळतात. वाघ्या झोपायचा गोणपाटावर. ते मी स्वतः घातलं होतं, ऊब मिळावी म्हणून.

कोशातली पिसू महिनोन् महिने थांबू शकते. हालचाल जाणवली, ऊब लागली की बाहेर येते. गणपतीला गावचं बंद घर उघडल्यावर चाकरमान्यांच्या पोटऱ्यांना कडाकड चावे बसतात ना, पडवीत भटकी कुत्री-मांजरं झोपून गेलेली असली की, ते यामुळेच.

गोणपाट जाळलं. त्याच्या जागी जुनी सुती चादर आली, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढलेली. लादीच्या फटी रोज झाडल्या. औषध वाघ्याचं वजन करून, वय विचारून दिलं गेलं, आणि ते तीन महिने चुकवायचं नाही असं बजावलं. कोशांतून नव्या पिसवा निघतच राहतात. घरात मांजर असेल तर एक गोष्ट विसरू नका : कुत्र्यांच्या अंगावर टाकायच्या पिसवांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी कानाच्या कडेची त्वचा पात्याने हलकेच खरवडून काचेवर घेतली. आपण सरसकट लूत म्हणतो, त्यात दोन वेगवेगळे किडे असतात. एक खरजेचा : प्रचंड खाज, संसर्गाने पसरणारा, पिल्लाला कुशीत घेणाऱ्याच्या हातावरही पुरळ उठवणारा. दुसरा आईकडून पहिल्या काही दिवसांतच पिल्लाच्या अंगावर येतो. डोळ्यांभोवती, तोंडापाशी केस जातात, खाज फारशी नसते आणि पुष्कळदा तो त्रास आपोआप ओसरतो. दोन्हींचे उपाय निराळे. आमच्या काचेवर काही सापडलं नाही.

(दृश्य : पंजा चाटणारा वाघ्या, आता जरा मोठा.)

महिनाभरात रात्रीचा आवाज थांबला. पण पंजे चाटणं सुरूच राहिलं. कान आतून लाल. आता मात्र ॲलर्जीचा विचार करायची वेळ आली होती. धूळ, परागकण यांची ॲलर्जी सहसा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. वाघ्या अजून त्याहून लहान होता, म्हणून डॉक्टरांनी आधी अन्नाकडे बोट दाखवलं. कुत्र्यांना बीफ, दूध, चिकन, गहू यांचा त्रास जास्त आढळतो. रक्ताच्या चाचणीवर इथे विसंबता येत नाही. एकच खात्रीचा मार्ग : आठ आठवडे असं अन्न, जे त्याने पूर्वी कधी चाखलेलंच नाही.

आमच्याकडे तो दूध-पोळी, चिकन, अंडी, बांगडा सगळं खाऊन बसला होता. ठरलं बोकडाचं मटण आणि रताळं. वाढत्या पिल्लाला यातून पुरेसं कॅल्शियम मिळत नाही, म्हणून तेही डॉक्टरांनी मोजून दिलं. हे मनाने करू नका, हाडं कच्ची राहतात.

तिसऱ्या आठवड्यात पंजे पुन्हा लाल. का, ते कळेना. मग आजीनेच पदराआडून बिस्किटाचा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला. "एकच देत होते गं, चहाबरोबर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बिस्किटात गहू आणि दुधाची पावडर. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आठ आठवड्यांनी कान गुलाबी, पंजे कोरडे. मग एकेक जिन्नस परत दिला. चिकन, काही नाही. पोळी, काही नाही. चमचाभर दूध, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून पंजा तोंडात.

(दृश्य : पडवी, संध्याकाळ. पांढऱ्या फडक्यावर फणी झटकणारे म्हातारे हात.)

दर शनिवारी आजी वाघ्याला विंचरते. मग फडकं ओलं करते, चष्मा पुसते आणि उजेडाकडे धरून बघत बसते.