एकाच इंजेक्शनवरची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर हाडांत पसरला की डॉक्टर पेशंटला समोर बसवून सांगतात, "हा पूर्ण बरा होणार नाही, पण ताब्यात ठेवता येईल." हे खरं आहे, आणि दिवसेंदिवस जास्त खरं होत चाललंय. अमेरिकेत 2004 साली या आजारासाठी डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध मंजूर झालं, 2011 मध्ये अबिराटेरोन आणि 2012 मध्ये एन्झाल्युटामाइड या हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या, 2022 मध्ये ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचा उपचार. आजार पसरलेला असतानाही कित्येक पुरुष आज वर्षानुवर्षं जगतात. मी त्यांच्यापैकीच एक. ही वर्षं एकट्यानं काढू नयेत, असाच आजार असलेल्या पुरुषांनी गट करून एकमेकांना आधार द्यावा, एवढंच आज मला तुमच्याशी बोलायचंय.

आधी उपचार काय असतो ते सांगतो, म्हणजे बोलणं अवघड का होतं ते लक्षात येईल. अमेरिकेतले सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवून दिलं की हा कॅन्सर पुरुषाच्या स्वतःच्या हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. हार्मोन तोडलं की आजार आवरतो. या कामासाठी 1966 साली त्यांना नोबेल मिळालं, आणि आजही उपचाराचा पाया तोच आहे. कुणाचे वृषण शस्त्रक्रियेनं काढतात, बहुतेकांना ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन देतात. टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला जातं.

आणि त्याबरोबर बरंच काही जातं. शरीरसंबंध जमत नाही हे तर आहेच, पण त्याची इच्छाच उरत नाही. भर थंडीत अंगातून वाफा निघतात, घामानं कपडे भिजतात. दंड बारीक होतात, पोट सुटतं, काहींची छाती वाढते, दुखते. झोप काढली तरी थकवा हटत नाही. बातम्या बघता बघता डोळ्यांत पाणी येतं आणि का आलं ते कळत नाही. हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच.

हे सांगायचं कुणाला? बायको आधीच सगळं पेलत असते, तिला आणखी काय सांगायचं, म्हणून तिच्यापाशी गप्प. मित्र म्हणतात, "अरे, तू तर ठणठणीत दिसतोस!" डॉक्टरांकडे वेळ थोडा, आणि तो रिपोर्ट बघण्यात संपतो. माणूस आतल्या आत गोठत जातो. घरच्यांना वाटतं, आजारपणानं चिडचिडा झालाय.

अशा वेळी त्याच इंजेक्शनवर दोन-चार वर्षं असलेला दुसरा पुरुष सहज विचारतो, "रात्री वाफांनी झोपमोड होते का हो तुमची?" आणि सुटल्यासारखं वाटतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, ते असं. वाफांवर औषधं आहेत, डॉक्टरांना विचारा, हे तो सांगतो. वजनं उचलण्याचा व्यायाम केला तर स्नायू टिकतात आणि थकवाही कमी होतो, पण हाडांत आजार कुठे आहे ते डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, हेही सांगतो. "आम्ही नवरा-बायको आता नुसते हात धरून झोपतो, आणि ते आम्हाला पुरतं," असंही कुणी सांगून जातो. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

माझं ठाम मत आहे की पसरलेल्या आजाराच्या पुरुषांची बैठक वेगळी हवी. ज्याचा कॅन्सर ऑपरेशननं निघून गेलाय त्याचंही दुःख खरंच असतं. पण त्याला विचारायचं असतं, "परत तर येणार नाही ना?" आमचा प्रश्न असतो, "हे औषध किती दिवस पुरेल?" एकत्र बैठकीत चौथ्या स्टेजचा, म्हणजे आजार पसरलेला, माणूस बोलत नाही. आपलं ऐकून समोरचा घाबरेल, या भीतीनं तो इतरांनाच धीर देत बसतो आणि रिकाम्या हातानं घरी जातो.

पीएसएचंही तसंच. पीएसए म्हणजे आजारावर नजर ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार वाईट. शरीराला काहीही जाणवत नसताना कागदावरचा आकडा वाढलेला असू शकतो. ती धाकधूक इथे समजावून सांगावी लागत नाही. मात्र दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नये. प्रत्येकाचा आजार वेगळ्या चालीचा असतो.

अशा आधारानं आयुष्य वाढतं का? याबाबत खोटी आशा दाखवू नये. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गटात बसवून अभ्यास झाले. 1989 साली छापून आलेल्या एका अभ्यासात त्या जास्त जगल्याचं दिसलं, सगळ्यांना आनंद झाला. 2001 सालच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण मनाचा त्रास हलका झाला, वेदना कमी जाणवल्या. पुरुषांच्या गटांकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो, आणि ती मला छोटी वाटत नाही.

गटात एक नियम कडक पाळावा. "मला असं झालं" म्हणावं, "तुम्ही हे घ्या" म्हणू नये. कुणी काढा सुचवतो, कुणी इंजेक्शन बंद करायला सांगतो. तिथेच थांबवायला हवं.

एका बाबतीत मात्र सल्ला द्यायचा, आणि जोरात द्यायचा. आजार मणक्यात असेल आणि पाठ अचानक जास्त दुखू लागली, पायांतली ताकद गेली, मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. काही तासांच्या उशिरानं पाय कायमचे जाऊ शकतात. नव्या माणसाला पहिल्याच भेटीत हे सांगून ठेवावं, आणि त्याच्या घरच्यांनाही.

आणखी एक विषय पुरुष टाळतात. काहींच्या आजाराच्या मुळाशी बीआरसीए-2 सारख्या जनुकातला दोष असतो. तो मुलांकडे जाऊ शकतो, तसाच मुलींकडेही, आणि त्यांना स्तनाच्या किंवा बीजाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. लेकीला हे कसं सांगायचं, याची तयारी ज्यानं हे आधी सांगितलंय त्याच्याजवळ बसून करता येते.

आता सगळ्यात अवघड. अशा गटात माणसं जातात. गेल्या महिन्यात शेजारी बसलेला या महिन्यात नसतो. त्याचं नाव यादीतून गुपचूप काढून पुढचा विषय घेणं मला अजिबात पटत नाही. नाव घ्यावं, तो काय बोलायचा ते आठवावं, त्याच्या घरी फोन करावा. एखाद्याला हे झेपत नाही, तो काही महिने येत नाही. त्याला बोल लावू नये, अधूनमधून चौकशी करत राहावं. आणि जो शेवटाकडे चाललाय त्याच्याकडे जायला घाबरू नये. वेदना आटोक्यात ठेवण्याचं, घरी राहायचं की दवाखान्यात याचं, हिशेबाच्या कागदांचं बोलणं त्याला करायचं असतं. घरचे "असं बोलू नका" म्हणून थांबवतात. आपण ऐकून घ्यावं.

बायकांना त्यांची वेगळी बैठक मिळाली तर फार बरं. त्यांनाही आमच्यासमोर बोलता येत नाही अशा गोष्टी असतात.

तुमच्या आसपास असा गट नसेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना किंवा नर्सला एवढंच विचारा: "माझ्यासारखाच आजार, हेच इंजेक्शन असलेला आणि बोलायला तयार असलेला कुणी आहे का?" ते आधी त्याची परवानगी घेतील, मग नंबर देतील. पहिल्या फोनवर काय बोलायचं हे सुचलं नाही तर इंजेक्शन कधी सुरू झालं, तिथून सुरुवात करा.

नमस्कार.