आधी कार्ब्युरेटर बघा, मग डिस्ट्रिब्युटर

मंडळी, मला विषय दिलाय ‘ड्यून बगीच्या इंजिनासाठी डिस्ट्रिब्युटर कोणता घ्यावा’. ड्यून बगी म्हणजे वाळूत पळवायची हलकी, उघडी गाडी आणि डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला नेमक्या क्षणी ठिणगी पोहोचवणारा भाग. उत्तर एका वाक्यात देऊन खाली बसता आलं असतं, पण ते वाक्य म्हणजे उलटा प्रश्न आहे: तुमच्या इंजिनावर कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग, कोणता आहे? हे न विचारता जो तुम्हाला डिस्ट्रिब्युटर सुचवतो, त्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

१९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी फायबरग्लासच्या बॉडीला फोक्सवॅगन बीटलचं इंजिन आणि सस्पेन्शन जोडलं आणि ‘मायर्स मँक्स’ जन्माला आली. तेव्हापासून बगी म्हटलं की मागे उघडं, हवेवर थंड होणारं, चार सिलिंडरचं आडवं फोक्सवॅगन इंजिन हे समीकरण पक्कं झालं. इंजिन बीटलचंच, पण अंगावरचं ओझं बरंच कमी. रस्त्यावर ही गाडी अर्ध्या-पाव पेडलवर पळते. वाळूत शिरली की मात्र पाय तळाला टेकतो. पाव पेडल आणि पूर्ण पेडल, या दोन अवस्था लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्यांच्याभोवती फिरणार आहे.

ठिणगी पिस्टन वर पोहोचायच्या आधी का पाडायची, तर पेट्रोल-हवेचं मिश्रण जळायला वेळ लागतो म्हणून. थोडा हिशेब करू. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आयडल करतंय, म्हणजे पेडल न दाबता नुसतं चालू आहे, आणि ठिणगी ७.५ अंश आधी पडतेय. ७.५ अंश म्हणजे फेरीचा ४८ वा भाग, म्हणजे जळायला मिळाले साधारण १.४ मिलिसेकंद. आता ३००० फेऱ्यांवर ३० अंश घ्या. तो फेरीचा १२ वा भाग, साधारण १.७ मिलिसेकंद. बघा, अंश चौपट झाले, वेळ जवळपास तेवढाच राहिला. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं आणि स्प्रिंग एवढंच काम करतात. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगी आधी पडते. याला आपण मेकॅनिकल ॲडव्हान्स म्हणतो.

पण वेग हा हिशेबाचा अर्धाच भाग. पेडल पाव दाबलेलं असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, विरळ असतं आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. त्याला ३० अंश पुरत नाहीत, ४० च्या आसपास लागतात. पूर्ण पेडलवर मात्र तेच ४० अंश इंजिनाचा जीव घेतील. म्हणून पेडलची बातमी डिस्ट्रिब्युटरला कळावी लागते. ती कळवतो व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारा, डबा. कार्ब्युरेटरमधून एक बारीक नळी येते, डब्यातला पडदा ओढते आणि पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, प्लेट फिरते. पाय तळाला गेला की व्हॅक्यूम संपतो, प्लेट मागे येते.

आता ००९. बगीवाल्यांच्या तोंडी बॉश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरचा हा एकच नंबर असतो. पूर्ण नंबर ० २३१ १७८ ००९. याला डबा नाही, नळी नाही, फक्त वजनं आणि स्प्रिंग. दिसायला सुटसुटीत. मीही तोच घेतला होता, कारण दुकानदाराने सांगितलं, ‘सगळे हाच लावतात.’ माझ्या इंजिनावर एकच कार्ब्युरेटर, ३४ पिक्ट-३. गाडी सुरू व्हायची झकास, वरच्या वेगातही तक्रार नाही. पण आयडलवरून पेडल जरा दाबलं की इंजिन एक क्षण गप्प. जणू कुणी हाक मारली आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करतंय. मग एकदम झेप. चौकात सिग्नल सुटला की मागचे हॉर्न ठरलेले. मी जेट बदलले, ॲक्सिलरेटर पंप खोलला, गॅस्केट बदलली. दोन वर्षं कार्ब्युरेटरला शिव्या घातल्या आणि त्याचा दोष एवढाच होता की तो व्हॅक्यूम ॲडव्हान्स गृहीत धरून जुळवलेला होता. पेडल हललं त्या क्षणी ॲडव्हान्स हवा होता, आणि ००९ची वजनं फेऱ्या वाढायची वाट बघत बसली होती.

म्हणून माझं मत सरळ आहे. एकच मूळचा कार्ब्युरेटर असेल आणि गाडी रस्त्यावर फिरणार असेल, तर व्हॅक्यूम आणि मेकॅनिकल दोन्ही ॲडव्हान्स असलेला, एका नळीचा डिस्ट्रिब्युटर घ्या. मंडळी त्याला एसव्हीडीए म्हणतात. नळी कार्ब्युरेटरवरच्या तोंडालाच जोडायची, खाली मॅनिफोल्डला, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या पाइपला, नाही. मॅनिफोल्डला जोडलीत तर आयडललाच पूर्ण ॲडव्हान्स मिळेल आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावताना डोकं फिरेल. याउलट वेबरसारखे जोडीचे कार्ब्युरेटर असतील तर बऱ्याचदा नळीला तोंडच नसतं. असलं तरी व्हॅक्यूम धडधडता आणि दुबळा येतो. तिथे ००९ किंवा तशा जातीचा मेकॅनिकल डिस्ट्रिब्युटर योग्य. नुसती वाळूत, पूर्ण पेडलवर पळणारी बगी असेल तरीही तोच. व्हॅक्यूम जिथे शून्यच असतो तिथे डब्याचा उपयोग काय?

तिसरा प्रकार जुन्या बाजारात भेटतो, फक्त व्हॅक्यूमवर चालणारा, आत वजनंच नसलेला. त्याच्या मूळ कार्ब्युरेटरसोबत तो अतिशय गुणी. जोडीच्या कार्ब्युरेटरवर लावलात तर ॲडव्हान्स जवळपास मिळतच नाही. आणि दोन नळ्यांचा डबा दिसला तर सावध राहा. १९७१ ते ७३च्या काही गाड्यांत धूर कमी करण्यासाठी दुसरी नळी आयडलला ठिणगी उशिरा पाडायची. त्यांचं टायमिंग ‘वरच्या बिंदूनंतर ५ अंश’, म्हणजे पिस्टन वर पोहोचून गेल्यावर, असं लिहिलेलं असतं. तो आकडा वाचून कुणी ००९ तसाच लावला, की इंजिन भट्टी झालंच समजा.

भट्टी हा शब्द मी उगाच वापरत नाही. ठिणगी उशिरा पडली की ज्वाला एक्झॉस्टपर्यंत जळत जाते आणि ती उष्णता हेडमध्ये मुरते. रेडिएटरचं पाणी नाही, तापमान दाखवणारा काटाही बहुधा नाही. ठिणगी फार लवकर पडली तर मिश्रण अवेळी भडकून ठोका बसतो, आणि या इंजिनात पंख्याच्या आवाजापुढे तो ऐकू येत नाही! तीन नंबरचा सिलिंडर तर बिचारा आधीच गरम असतो, कारण जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याच वाऱ्याच्या वाटेत उभा असायचा. म्हणून कंपनीने काही डिस्ट्रिब्युटरच्या, पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर तीन नंबरची ठिणगी मुद्दाम काही अंश उशिरा ठेवली होती. स्ट्रोबने, म्हणजे ठिणगीच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्याने, बघताना तीन नंबर मागे दिसला तर लगेच कॅम घासलाय म्हणून फेकून देऊ नका.

आता हातात घेऊन बघू. हा जुना डिस्ट्रिब्युटर. कॅप काढली. रोटर चिमटीत धरून फिरवतो, थोडा फिरतो आणि सोडला की स्प्रिंगने परत येतो. चांगलं. आता शाफ्ट बाजूला हलवून बघतो. इथे टकटक लागतंय, म्हणजे शाफ्टला धरणारं बुश झिजलंय. अशा शाफ्टवर पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटर लावलीत तरी ती प्रत्येक सिलिंडरला वेगळी. आता डब्याची नळी तोंडात धरून ओढतो, प्लेट हलली. जिभेने नळीचं तोंड बंद करतो… प्लेट हळूहळू मागे आली. पडदा फाटलाय. पैसे देण्याआधी एवढं करायला अर्धा मिनिट लागतो, विकणारा थोडा विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

पॉइंट की इलेक्ट्रॉनिक, हा वाद मी फार ताणणार नाही. पॉइंटच्या जागी बसणारं चुंबकी मॉड्यूल छान चालतं, गॅपची कटकट जाते, घासलेल्या बुशचा त्रासही कमी जाणवतो. पण इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकायची सवय असेल तर ते जळेल. जळालं की वाटेत दुरुस्ती नाही. मी मॉड्यूल वापरतो आणि जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट पिशवीत ठेवतो. डायल फिरवून ॲडव्हान्सचे आलेख बदलणारे डिस्ट्रिब्युटरही मिळतात. ज्यांना इंजिनात रोज काहीतरी बदलायची हौस आहे त्यांनी जरूर घ्यावेत.

कोणताही घ्या, टायमिंग आयडलला नाही, वरच्या टोकाला लावा. ००९ला ३००० च्या पुढे ३० अंश, त्याहून जास्त नको. पुलीवर खुणा नसतील तर पुलीच्या कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, लांबीचे बारा समान भाग करा. मागून बघताना वरच्या बिंदूच्या खाचेच्या उजवीकडे एक भाग मोजून खडूने रेघ मारा. झाले ३० अंश. एसव्हीडीए असेल तर नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि मगच बघा. डिस्ट्रिब्युटर घड्याळाच्या उलट फिरवला की ठिणगी आधी पडते, सुलट फिरवला की उशिरा. रेघ क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खोक्याच्या, दोन भागांच्या सांध्यावर आली की क्लॅम्पचा नट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा स्ट्रोब मारून बघा, कारण आवळतानाच तो हलतो.