रस ऑम्लेटचा गाडा: पहिल्या ४० प्लेटी

श्रोतेहो, नमस्कार.

रस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर कोंबडीचा मसालेदार रस ओतून पावाबरोबर द्यायचा गोव्यातला पदार्थ. गोव्यात वाळपई, डिचोली, केपे अशा ठिकाणी त्याचा गाडा घालू पाहणारे आधी विचारतात, गाडा केवढा बांधू? आमच्या मते आधी विचारावा तो रस. ऑम्लेट कोणालाही जमते. गिऱ्हाईक परत येते ते रसासाठी, आणि पैसा बुडतो तोही रसातच.

पहिला महिना दिवसाला ४० प्लेटींचाच हिशेब धरा. ८० अंडी, ८० पाव, ५ लिटर रस. पाव पदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रसाला ४ मध्यम नारळ, १ किलो कांदा, दीड किलो हाडांसकट कोंबडी, ७५ ग्रॅम धने, ३० बेडगी मिरच्या, शिवाय खसखस, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, चक्रीफूल, दगडफूल आणि शेवटी किसून पाव जायफळ.

खोबरे मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा. घाईत मोठ्या आचेवर भाजले की कडा काळ्या पडतात आणि अख्खे पातेले कडू होते. कच्चे राहिले तर त्यातला ओलावा तसाच राहतो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत रस लवकर आंबतो. वाटण बोटाला गुळगुळीत लागले पाहिजे. भरड राहिले की चोथा तळाशी बसतो आणि प्लेटीत वर नुसते पाणी तरंगते.

गाड्यावर पातेले चार तास उकळत राहते, म्हणजे रस आटतो आणि खारट होत जातो. त्यासाठी घरून निघताना मीठ थोडे कमीच असू द्या. दाट झाला तर उकळते पाणी घाला. गार पाण्याने उकळी मोडते आणि चव पातळ होते.

आता पळी. एका प्लेटीला १२० मिलिलिटर धरले तर ५ लिटरात ४० प्लेटी बसतात. पण गोव्यातले गिऱ्हाईक ‘रोस मात्सो घाल रे’ (रस आणखी थोडा घाल रे) म्हणणारच, आणि नाही म्हणायची सोय नसते! हात सैल सुटून प्लेटीला १५० गेले की ३३ प्लेटींतच पातेल्याचा तळ दिसतो. म्हणून पहिली पळी १०० ची ठेवा, वरची अर्धी मागितल्यावर. गिऱ्हाईकही खूश, मापही राहते.

गाडा ५ फूट बाय ३ फूट पुरे. पावसाचा मारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणून शेगडीची पाठ त्या बाजूला आणि तिथे छपराचा पत्रा दीड फूट पुढे. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवाच, नाहीतर वाऱ्याने ज्योत पळते, तवा मध्येच गार होतो आणि ऑम्लेट चिकटते. सिलिंडर १९ किलोचा, व्यावसायिकच. दोन चुली चार तास चालल्या तर दहा-बारा दिवस पुरतो. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे बेकायदा आहे.

जागेची परवानगी पालिकेची किंवा पंचायतीची. अन्न सुरक्षेची नोंदणी फॉसकॉस पोर्टलवर होते. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या प्लेटी, चमचे १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. पत्रावळ किंवा स्टीलची ताटली वापरा. वर्तमानपत्रात पाव गुंडाळू नका, शाई अन्नात उतरते.

कांदा एकदम चिरून ठेवू नका. २० प्लेटींपुरता चिरा, बाकीचा नंतर. अंड्याची शंका आली तर पाण्यात सोडा, तरंगले की टाकून द्या.

श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत बऱ्याच घरांत मांसाहार बंद असतो. तेव्हा त्याच वाटणात कोंबडीऐवजी अळमी (मशरूम) किंवा चणे घाला, मात्र पातेले आणि पळी वेगळी. लोक ते बघतात. बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो. तिथे उभे राहणार असाल तर त्या दिवशी १० प्लेटी जास्त धरा.

उरलेला रस उद्याच्या पातेल्यात ओतू नका. दोन पळ्या शिळा रस पाच लिटर ताजा नासवतो. रोज रात्री वहीत दोनच आकडे लिहा: किती प्लेटी गेल्या आणि पातेले किती वाजता संपले. सलग आठ दिवस साडेनऊच्या आत संपले, तरच पाचवा नारळ फोडा.