एक बालेवाडी, चार फुटबॉल क्लब: पुण्यात एकही का टिकला नाही?

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर २०१४ ते मे २०१५. या एवढ्याशा काळात पुण्याचे तीन व्यावसायिक फुटबॉल क्लब घरचे सामने एकाच ठिकाणी खेळत होते, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. आधी आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला, एफसी पुणे सिटी. ती लीग संपली की जानेवारीत आय-लीग, देशातली जुनी राष्ट्रीय लीग, आणि तिथे पुणे एफसी आणि भारत एफसी असे दोन संघ. पुण्याची स्वतःची डर्बी, एकाच शहरातल्या दोन संघांची झुंज, होती हो! आज यातला एकही क्लब नाही.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती पुणे एफसीची. अशोक पिरामल समूहानं २००७ मध्ये क्लब सुरू केला. तो खालून वर चढत आला. आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात, २००९-१० मध्ये तिसरा. २०१२-१३ मध्ये उपविजेता, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. मुलांसाठी अकादमी काढली, त्या मुलांनी युवा आय-लीगही जिंकली. क्लब असाच उभा करायचा असतो.

(स्क्रीनवर: २०१४-१५ आय-लीगचा गुणतक्ता, तळाच्या दोन ओळी मोठ्या करून)

आता हा तक्ता नीट बघा. शेवटच्या क्रमांकावर भारत एफसी, कल्याणी समूहाचा नवाकोरा संघ. त्याच्या वर गोव्याचा डेंपो, पाच वेळा राष्ट्रीय विजेता. शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जायचा. पण गेलं कोण? डेंपो! कारण भारत एफसीला खालच्या श्रेणीतून न येता थेट प्रवेश मिळाला होता आणि अशा संघाला घसरणीपासून संरक्षण होतं. आणि ज्याला वाचवलं, त्या भारत एफसीनं तो एकच मोसम खेळून गाशा गुंडाळला. पुणे एफसीचा मुख्य संघही २०१५ मध्येच थांबला. मला विचाराल तर भारतीय फुटबॉलच्या कारभारावरचा याहून कडक शेरा दुसरा नाही.

रिकाम्या जागी डीएसके शिवाजियन्स आला. पुन्हा थेट प्रवेश, पुन्हा बालेवाडी. दोन मोसम, आणि २०१७ मध्ये तोही बंद.

राहिला एफसी पुणे सिटी. वाधवान समूह मालक, हृतिक रोशन सहमालक, पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे मैदानात. पण खरा संघ जमला तो २०१७-१८ मध्ये, मार्सेलिन्हो आणि अल्फारो या आघाडीच्या परदेशी खेळाडूंच्या जोरावर. उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत, बेंगळुरूविरुद्ध, ०-०. दुसऱ्या सामन्यात सुनील छेत्रीनं हॅटट्रिक ठोकली आणि १-३ असा खेळ खल्लास. वर्षभरानं पैशांची चणचण, आणि २०१९ मध्ये क्लबच संपला.

मग चूक कुठे झाली? लोक म्हणतात, पुण्यात फुटबॉलला प्रेक्षक नाही. मला हे अजिबात पटत नाही. मैदान सरकारी, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं. गॅलरी आणि हिरवळ यांच्यामध्ये धावण्याचा अख्खा ट्रॅक, त्यामुळे कॉर्नर घेणारा खेळाडूसुद्धा लांब दिसतो. यातल्या एकाही क्लबचं स्वतःचं स्टेडियम नव्हतं. तिकिटांवर संघ चालत नाही, म्हणजे सगळा भार मालकाच्या खिशावर. त्यात देशात दोन लीग, आणि पुढे कुठली टिकणार याचा पत्ता नाही. मालकाचा हात आखडला की क्लब गेला. आणि दर वेळी नवा रंग, नवं बोधचिन्ह. ज्यानं पुणे एफसीसाठी घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं, त्यानं चार वर्षांत किती वेळा निष्ठा बदलायची?

एफसी पुणे सिटीची आयएसएलमधली जागा हैदराबाद एफसीकडे गेली. त्या संघानं मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून आयएसएल जिंकली. पुढे हैदराबादचीही आर्थिक घडी विस्कटली, आणि २०२५ मध्ये तोच क्लब नाव बदलून दिल्लीला गेला.