जीव भांड्यात पडतो ना, गोची तिथेच आहे

साहेबांना चार ओळींचा मेल पाठवायचाय, लिहूनही झालाय. मग तो वाचला, परत वाचला, 'कृपया' आधी टाकू की नंतर, एक स्वल्पविराम काढला, पुन्हा लावला, तोवर छातीत धडधड सुरू, आणि मग मनात येतं की आत्ता नको, संध्याकाळी निवांत बसून नीट लिहू. मेल ड्राफ्टमध्ये, लॅपटॉप बंद, आणि कसा जीव भांड्यात पडतो बघा! खांदे सैल होतात, श्वास मोकळा होतो.

मला आज या सुटकेबद्दलच बोलायचंय. कारण मेंदू नेमका तिथे शिकतो, टाळलं की सुटलो, आणि हा धडा फार पटकन पाठ होतो. मॉवरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली मांडलं होतं की भीती मनात बसते एका वाटेने आणि टिकून राहते दुसऱ्याच वाटेने, टिकते ती टाळल्यावर मिळणाऱ्या सुटकेमुळे. मेल गेला असता तर कदाचित काहीच झालं नसतं, पण ते कळायची संधीच आपण मनाला दिली नाही, म्हणून उद्या तोच मेल आणखी अवघड वाटतो.

विचार टाळण्याचंही तसंच. 1987 मध्ये वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, अस्वल डोक्यातून जाईचना!

आता परफेक्शनिझम, म्हणजे सगळं बिनचूकच हवं हा हट्ट. लोक विचारतात, चांगलं काम करण्यात वाईट काय? काहीच नाही हो, त्या हौसेत आनंद असतो. पण 'चूक झाली तर माझी किंमत शून्य' यात नुसती धास्ती असते. ह्यूइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले, स्वतःकडून बिनचूकपणा मागणं, दुसऱ्यांकडून मागणं, आणि सगळ्यांना माझ्याकडून बिनचूकच हवंय असं वाटत राहणं. हा तिसरा माणसाला फार पोखरतो. आणि टाळणारा माणूस म्हटलं की आपल्याला आळशी माणूस दिसतो, पण अकरा वेळा मेल वाचणारा कुठे आळशी दिसतो, तो तर राबतोय! म्हणून ते टाळणं आहे हे घरच्यांना कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

मग करायचं काय? मेल दोनदाच वाचायचा. पाठवण्याआधी कागदावर लिहायचं, काय होईल अशी भीती वाटतेय, आणि उत्तर आलं की शेजारी लिहायचं, खरंच काय झालं. पाठवल्यावर धडधड वाढेल, वाढू दे, फक्त लगेच सेंटमध्ये जाऊन पुन्हा तपासू नका, तेही टाळणंच. धडधड हळूहळू ओसरते. झोप उडाली असेल, कामं अडत असतील तर मात्र एकट्याने झुंजू नका, सायकॉलॉजिस्टकडे जा, सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचारात, हेच पायरीपायरीने सोबत बसून करून घेतात, आणि पहिली पायरी साहेबांच्या मेलची नसते, जवळच्या मित्राला एक साधा मेसेज, त्यात मुद्दाम एक चूक ठेवलेली, आणि तो तसाच पाठवायचा.