रोममधील एका देवळाचे विखुरलेले अवशेष

रोमला जाणारा प्रवासी कलोसियम आणि पँथिऑन पाहण्याचे ठरवूनच निघतो. आज मला बोलायचे आहे ते न ठरवता समोर येणाऱ्या शिल्पांविषयी. पँथिऑनच्या मागे, सांता मारिया सोप्रा मिनर्वा या चर्चसमोर, पाठीवर निमुळता एकाश्म स्तंभ, म्हणजे ओबेलिस्क, पेलणारा एक संगमरवरी हत्ती उभा आहे. त्याचा आराखडा बर्निनी या प्रसिद्ध इटालियन शिल्पकाराचा, कोरीवकाम एर्कोले फेर्राताचे आणि वर्ष 1667. हत्ती सतराव्या शतकातला असला तरी त्याच्या पाठीवरचा स्तंभ इजिप्तचा, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातला आहे आणि तो 1665 मध्ये शेजारच्याच मठाच्या बागेत जमिनीखाली सापडला.

तो तिथेच का सापडला, हे कळले की भोवतालच्या गल्ल्या निराळ्या दिसू लागतात. या परिसरात प्राचीन काळी इसिस या इजिप्शियन देवतेचे मोठे देऊळ होते. इसवी सन 80 च्या आगीत ते जळाल्यावर सम्राट डोमिशियनने ते पुन्हा बांधले. पुढे ते नामशेष झाले आणि त्यावर घरे, चर्च, वाडे उभे राहिले. पाया खणताना जे हाती लागले ते लोकांनी जवळपासच कुठेतरी ठेवून दिले. या शिल्पांचे अनपेक्षितपण कोणी योजलेले नाही, ते या सोयीतून आले आहे, असे माझे मत आहे.

हत्तीपासून काही मिनिटांवर, एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी, वहाण घातलेले एक अवाढव्य संगमरवरी पाऊल चौथऱ्यावर ठेवलेले आहे. पाऊल तेवढेच, वर पाय नाही, धड नाही. जवळ गेल्यावर वहाणेचे पट्टे आणि बोटांची नखे स्पष्ट दिसतात, आणि मनातल्या मनात उरलेला देह उभा करू लागलो, तर तो शेजारच्या घरांच्या वर जातो. हे पाऊल पूर्वी दुसऱ्या जागी होते. 1878 मध्ये इटलीचा राजा व्हित्तोरियो इमानुएले दुसरा याची अंत्ययात्रा पँथिऑनकडे जायची होती, तिच्या वाटेत येते म्हणून ते सध्याच्या जागी हलवले गेले. याच गल्लीतल्या चर्चच्या नावात ‘काक्को’ हा शब्द आहे आणि तो माकडावरून आला, असे सांगतात. तिथे सापडलेली वानरमुखी देवाची मूर्ती लोकांनी साधे माकड समजली असावी.

पलीकडे व्हिया देल्ला गात्ता, म्हणजे मांजरीची गल्ली. तिथल्या वाड्याच्या कंगोऱ्यावर खऱ्या मांजरीएवढी संगमरवरी मांजर आहे. मान वर केल्याशिवाय ती दिसत नाही, आणि मला ती दिसली तीही त्या गल्लीतून तिसऱ्यांदा जाताना. तिची नजर जिथे पडते तिथे खजिना पुरलेला आहे, अशी दंतकथा आहे. त्या नजरेच्या रेषेत मीही जाऊन उभा राहिलो; तिथे दोन स्कूटर लावलेल्या होत्या.